जावयासाठी भाजलेला पक्षी

वीज खात्यातल्या साहेबांनो, हा पक्षी तुमच्यामुळे ताटात तसाच राहिला. निम्मा दोष पॉलिशवाल्याचा आहे, तो पुढे येईलच आणि त्यात काही झाकलं जाणार नाही. पण उरलेला निम्मा तुमचा. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सणाला, घरोघरी ओव्हन आणि शेगड्या पेटलेल्या असताना, तुम्ही एवढ्या मोठ्या भागाला एकच लाइनमन कामावर ठेवता आणि स्वतः घरी जेवायला बसता. लाज वाटत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर नक्की वाचा.

पॉलिशवाला म्हणजे लाकडी सामानाला पॉलिश करणारा. त्याचा हात फिरला की जुन्या कपाटाच्या दारात बघून भांग पाडावा. जिभेने मात्र हा माणूस घासकागद. लेकीने एका लाइनमनशी लग्न ठरवलं तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, "खांबावर लोंबकळणाऱ्याच्या हाती मी मुलगी देणार नाही." त्याने दिली नाही तरी ती गेली, आणि हा लग्नाच्या दिवशी दुकानात बसून एका स्टुलाला घासत राहिला. पुढे राग ओसरला. पण 'चुकलं' हा एवढासा शब्द घशात अडकला तो अडकलाच.

शेवटी बायकोनेच लेकीला फोन केला आणि दोघांना सणाचं जेवायला बोलावलं. लेक म्हणाली, "यांना कशीबशी रजा मिळालीय, येतो." मग सहज बोलून गेली की सासूबाई होत्या तेव्हा सणाला बटेर पक्षी भाजायच्या, वरून फळांचा पाक लावून. त्या गेल्यापासून यांनी तो खाल्ला नाही.

पॉलिशवाल्याने तेवढंच धरलं. तोंडाने जमत नाही ते हाताने करू, असा त्याचा हिशेब.

"पक्षी मी भाजणार," त्याने सणाच्या सकाळी जाहीर केलं.

"तुम्ही कधी चहा तरी केलाय का?" बायको म्हणाली.

"अगं, वरून चकाकी आणायचीय ना? मग ते माझंच काम."

बाजारातून आणलेला पुडा उघडला तर पक्षी मुठीपेक्षा जरासा मोठा. बायकोने तो उलटापालटा करून पाहिला. "चौघांत हा? एकेकाला घास येईल की नुसता वास?"

"जावयाला. आपण भाजी खाऊ."

संत्र्याचा रस, जर्दाळूचा मुरंबा आणि मध आटवून तिने पाक करून दिला आणि बजावलं, "आधी पक्षी पुरता भाजू द्या. पाक शेवटी लावायचा, एकदाच."

एकदाच. पॉलिशवाल्याला हे ऐकूनच कसंतरी झालं. एका हातात कधी चकाकी येते का? त्याने दुकानातून कोरा ब्रश आणला, पक्ष्याला पातळसा पहिला हात दिला, ओव्हनचं दार लावलं. जरा वेळाने दार उघडून तिरक्या नजरेने पाहिलं, दुसरा हात दिला. मग तिसरा. कोपऱ्यात ओघळ दिसला म्हणून तो पुसून पुन्हा एक. दर वेळी दार उघडलं की आतली ऊब बाहेर यायची. स्वयंपाकघर घामाघूम झालं, ओव्हन मात्र गारच.

दुपार होत आली तेव्हा पक्षी शोकेससारखा चमकत होता. बायकोने काटा टोचला. आतून गुलाबी पाणी आलं.

"वरून नवरदेव, आतून कच्चा," ती म्हणाली. "आता तरी दार बंद ठेवा."

पण पाहुणे यायला निघाले होते. पॉलिशवाल्याने दुकानातला हीटर उचलून आणला. ओल्या हवेत पॉलिश वाळवायला तो वापरायचा. ओव्हनचं दार उघडं टाकून त्याने हीटर समोर लावला, त्याच बोर्डावर. घरातला फ्यूज तत्काळ उडाला. नवी फ्यूजची तार मिळेना, तेव्हा त्याने कपाटाच्या फळ्या बांधायची तांब्याची तार कापून घातली.

"ही जाड नाही का?" बायकोने विचारलं.

"जाड आहे म्हणून तर टिकेल. पक्कं काम."

तार टिकली. तिने टिकायलाच नको होतं. घरातला फ्यूज उडेना, म्हणून सगळा भार गेला समोरच्या खांबावर. तिथला जोड आधीपासून कुजलेला, तोही तुमचाच, साहेब. फाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली.

माणसं रस्त्यावर आली. समोरचा शिंपी म्हणाला, "आमचा केक आत्ता कुठे फुगायला लागला होता. कुणी काय उद्योग केला देव जाणे."

ज्याने केला होता त्याचा आवाज सगळ्यात वर चढला. "उद्योग कसला? खातंच नालायक," म्हणत पॉलिशवाल्याने गल्लीसमोर तक्रार कचेरीला फोन लावला.

"तक्रार घेतली. माणूस दुसरीकडे गेलाय, वेळ लागेल."

"एकच माणूस आहे का तुमच्याकडे?"

"सण आहे, साहेब. बाकीचे रजेवर."

"मग रजेवरचा बोलवा. जेवत असेल तर ताटावरून उठवा."

"तसा एक जण तुमच्याच बाजूला गेलाय म्हणतात, पण रजा मंजूर झालीय त्याची."

"रद्द करा. लोकांच्या पोटापेक्षा त्याची रजा मोठी आहे का?"

"खडसावणारा असा पाहिजे," शिंपी कौतुकाने म्हणाला. पॉलिशवाल्याने छाती काढली.

थोड्या वेळाने लेक आली. एकटीच.

"जावईबापू कुठायत?" आईने विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत सोबत होते. तेवढ्यात कचेरीतून फोन. कुणीतरी म्हणे फार आरडाओरड करतंय." तिने खांबाकडे बोट केलं. "तिथेच आहेत."

इस्त्रीचा नवा शर्ट घातलेला जावई वर चढत होता. कमरेचा पट्टा म्हणजे सायकलवाल्याकडून मागून आणलेला दोर. कारण पट्टे आणि हातमोजे, साहेब, तुमच्या कचेरीत कुलपात होते आणि किल्ली रजेवर होती. निदान लाइन तरी आधी कचेरीतून बंद करून घेतली होती त्याने.

पॉलिशवाला खांबाखाली येऊन उभा राहिला. मान वर करून जमत नव्हतं, खाली घालूनही जमत नव्हतं.

"जोड जळालाय," जावई वरून म्हणाला. "कुणाच्या तरी घरी भलताच भार आहे. कुठलं घर?"

गल्ली एकमेकांची तोंडं बघू लागली.

"माझं," पॉलिशवाला म्हणाला. मग थांबला, आणि इतके दिवस अडकलेलं एकदाचं निघालं. "चुकलं माझं."

"काय? वारा आहे, जरा मोठ्यानं."

"चुकलं, म्हणालो. माझंच चुकलं."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. शिंप्याने तर दोनदा ऐकल्यासारखं केलं. वरून जावई म्हणाला, "असू द्या. ती तार काढून टाका आधी."

तार निघाली, वर नवा जोड बसला, वीज आली. ओव्हन लागला आणि बायको त्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. जावई हात धुवायला दारापर्यंत आला, तोच त्याचा फोन वाजला. पलीकडच्या वस्तीतली वीज गेली होती. एकदा हजर झालेल्या माणसाची रजा कसली? "येतो पुन्हा केव्हातरी," म्हणाला आणि गेला.

पक्षी बाहेर आला तो सोन्यासारखा, आतपर्यंत शिजलेला. टेबलावर मधोमध ठेवला, पण कुणी हात लावेना.

"बाबा, खांबाखाली तुम्ही त्यांना काय म्हणालात?" लेकीने विचारलं.

"चुकलं म्हणालो."

"ते जाताना म्हणाले, बाबा तारेबद्दल बोलत होते."

"तारेबद्दलही बोलत होतो."

लेकीने ताटाकडे पाहिलं आणि डोळे पुसले. पॉलिशवाला उठला. त्याने फोन घेतला आणि तोच नंबर फिरवला.

"तक्रार आहे."

"वीज आली ना तुमच्याकडे?"

"आली. माणूस गेला. जेवायला आला होता, उपाशी गेला. त्याला तुम्ही केव्हा सोडणार?"

"साहेब, ते मी कसं सांगणार?"

"मग ज्याला सांगता येतं त्याला फोन द्या. मी धरून बसतो. बोला, केव्हा?"