बनियनचे दोन तुकडे

उझमाला खोटारडी ठरवलं, तेही अख्ख्या नववीसमोर, आणि तेही एका बनियनपायी.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं अब्बांच्या सुती बनियनचे दोन तुकडे परसातल्या पेरूखाली वीतभर अंतरावर पुरले होते. मातीतले सूक्ष्मजीव सुती कापड खातात. जिथं त्यांची वस्ती दाट, तिथं कापड लवकर कुजतं. दीड महिन्यानं उकरलं, तर एका तुकड्याची नुसती शिवण उरलेली आणि दुसरा धुऊन घालावा इतका धड.

विज्ञानाच्या शंभुलिंग सरांनी धड तुकडा उलटापालटा केला. "एकाच झाडाखालची माती दोन तऱ्हेची असती व्हय गं? ह्यो कालच पुरलास तू."

"न्हाय सर. मुळीपाशी निराळे जीव, जरा पलीकडं निराळे. वीतभरात बदलतात ते."

"वीतभरात काय त्यांचा तालुका बदलतो?"

वर्ग खिदळला. सरांनी प्रदर्शनाच्या यादीतून तिचं नाव खोडलं. घरी निराळंच. दादी जमिलाबीनं त्या हरवलेल्या बनियनपायी दीड महिना गल्लीतल्या माकडांना शिव्या दिल्या होत्या. आता त्या सगळ्या व्याजासकट उझमाला मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी उझमा भर वर्गात उभी राहिली. "सर, आता तुमीच पुरा. कापड तुमचं, जागा तुमची."

एवढ्या पोरांसमोर मागं कसं हटायचं? सरांनी बायकोनं नाव भरून दिलेले दोन कोरे रुमाल शाळेच्या बागेत कडुलिंबाखाली पुरले, अंतर वीतभरच. फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातच अडकवली.

दीड महिन्यानं मुख्याध्यापिका पौर्णिमाबाईंसमोर खड्डे उकरले. एका रुमालाची चाळण झालेली, भरलेलं नाव तेवढं लोंबत होतं. दुसऱ्यानं खुशाल घाम पुसावा.

उझमाला नाचावंसं वाटलं. पण बाईंनी धड रुमाल बोटांत चोळला आणि चष्म्यावरून सरांकडं पाहिलं.

"एकाच झाडाखाली असं होईल का, सर? प्रदर्शनात शाळेचा नंबर यावा म्हणून नवा रुमाल पुरलात काय? किल्ली तुमच्याकडंच होती."

सरांचे कान लाल झाले. शपथा घेऊन झाल्या, बायकोची साक्ष काढून झाली. बाईंची मान काही हलेना. शेवटी ते उझमाकडं वळले.

"उझमा, सांग की गं बाईंना. वीतभरात त्यांचा तालुका बदलतो."

उझमानं हाताची माती झटकली.

"सांगते सर. यादी तेवढी काढा आधी."