एक्केचाळीस नंबरचा ताण

आमच्या आसेगावात देवमनभाऊंना 'जेवले काय?' असं विचारलं, तर ते आधी मोबाईल बघतात.

माझ्या शेताच्या धुऱ्याला लागून त्यांची संत्र्याची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी झाडांच्या बुंध्याशी ओलावा मोजणाऱ्या कांड्या पुरल्या. तेव्हापासून कुठल्या झाडाला किती पाणी हवं ते मोबाईल सांगतो आणि ठिबक तेवढंच चालतं. पाणी वाचलं, हे कबूल करायला हवं. पण पाण्याबरोबर भाऊ स्वतःची अक्कलही वाचवायला लागले. "आपल्याले काय समजते, गुरुजी? मशीनले इचारा." एकदा माझ्या डोळ्यांदेखत पावसात भिजत उभे होते आणि मोबाईलकडे बघत म्हणत होते, "पाऊस नाही म्हणून राह्यलं हे." एका पंगतीत तर आचाऱ्याला त्यांनी भाताचा ओलावा विचारला. आचारी अजून त्यांना वाढत नाही.

हिवाळ्यात बाग ताणावर सोडतात. म्हणजे पाणी तोडायचं, झाड कासावीस होऊ द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, की ते फुलून येतं. यात भाऊ महाकडक. माझा पाइप जरा गळला तर धावत आले, "काहून माह्या बागेचा ताण मोडून राह्यले तुमी?"

यंदा मशीनने निकाल दिला की एक्केचाळीस नंबरच्या झाडाला तीन वर्षं बहर नाही, ते काढून टाका. शिवाय त्याची कांडी ऐन ताणातही ओल दाखवत होती. मशीन बिघडलं म्हणून मला मनातून गुदगुल्या झाल्या. दुपारी मुद्दाम बघायला गेलो, तर भाऊ त्याच झाडाच्या बुंध्याशी कळशी रिती करत होते.

"भाऊ, मशीनले इचारलं काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"हे तुमच्या वहिनीनं लावलं होतं, गुरुजी. दवाखान्यात शेवटी पाणी पाणी करे. डॉक्टरनं मनाई केली होती. मी घोटभरही देलं नाही."

वहिनींना जाऊन चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत मी या माणसाची फक्त टिंगल केली होती. मला माझीच लाज वाटली.

मोबाईल वाजला. भाऊंनी ओल्या बोटाने काहीतरी दाबलं.

"झाड कधी काढता म्हणते. रोज इचारते. मी 'नंतर' दाबतो."

मी कळशी उचलली आणि विहिरीकडे गेलो.