देवरावकाकांचा बिनतारी घोर

आमच्या शेजारचे देवरावकाका घरातला साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन स्विच पाडतात, त्यावर ‘माणूस कामावर आहे’ अशी पत्र्याची पाटी अडकवतात आणि काकूंना अंगणात उभं करतात. मिक्सर पुसायचा तरी हाच सोहळा. वीज खात्यात लाइनमन म्हणून जन्म गेला आणि निवृत्त होऊन अमरावतीत आले ते पाटी घेऊनच. “करंट दिसत नाई सर, म्हणून त्याले भ्याचं,” हे त्यांचं ब्रीद.

परवा दुपारी साडेतीनला ते धापा टाकत माझ्या दारात उभे राहिले. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बिघाडांचा धनी मीच.

“सर, लॅपटॉपनं सकाळी अपडेट घेतलं, तवापासून वायफायच नाई. चार वाजता श्यामरावले दिसाचं हाय मले.”

अकोल्याचे श्यामराव हे त्यांचे खात्यातले जोडीदार. आता अंथरुणाला खिळलेले आणि ठार बहिरे. रोज चारला दोघं व्हिडिओ कॉलवर एकमेकांना नुसतं पाहतात.

“माझ्या मोबाइलवरून लावू की,” मी म्हणालो.

“माझा फोन साधा बटनाचा, अन् अनोळखी नंबर तो उचलत नाई. सून तसं बजावूनच ड्यूटीवर जाते. मी दिसलो नाई का त्याले वाटते, मी गेलो. मांगं थोडासा उशीर झाला तं खाटेवरून उतराले गेला अन् पडला. घरी एकटाच असते तो.”

मी चपला घालून त्यांच्या घरी निघालो.

त्यांच्या टेबलावर लॅपटॉप होता, लॅपटॉपवर पाटी होती आणि काकू अंगणात होत्या. मी मशीन बंद करून चालू केलं, नेटवर्क रीसेट केलं, पण वायफायचं बटणच गायब. अपडेटनं जुना ड्रायव्हर काढला होता आणि नवा बसलाच नव्हता. नवा उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर. काका माझ्या मागे रबरी चटईवर उभे राहून वेळ सांगत होते. “तीन पन्नास.” मग, “तीन एकावन्न.” माझी बोटं भलत्याच कळा दाबू लागली.

शेवटी सुचलं. मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडला आणि त्याचं नेट इकडे घेतलं.

“तार लावून राहिले का?” काकांचा आवाज जरा सैल झाला. “मंग ठीक हाय. तार दिसते तरी.”

चार वाजून सहा मिनिटांनी कॉल लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. “उतरला काय तो?” काका पुटपुटले. त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मला कळ आली.

मग पडदा उजळला. श्यामराव एक पाय खाली सोडून खाटेच्या काठावर बसले होते.

काकांनी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले. मी कारण विचारलं, तेव्हा मान न वळवता म्हणाले, “खांबावरून उतरल्यावर दोन्ही हात दाखवाचे. खटक्यापाशी उभ्या माणसानं ते पाहूनच लाइन चालू कराची. अंजनगावले एकडाव मी न पाहताच चालू केली.”

तिकडे श्यामरावांनीही हात वर केला. एकच. दुसऱ्या बाहीला कोपराशी गाठ मारलेली होती.

“हसून राहिला तो, सर,” काका म्हणाले. “रोज हसते.”

श्यामराव खरंच हसत होते. काकांचे हात मात्र खाली येत नव्हते.