डाव्या फुफ्फुसातली वेणी

श्रीमती अहल्याबाई पाच्छापुरे, वय सदुसष्ट, राहणार निपाणी, यांचा उजवा गुडघा दुखत होता. ही बाब त्यांना स्वतःला, त्यांच्या मुलाला आणि बेळ्ळंदूरच्या एका नऊमजली रुग्णालयाला एकमतानं मान्य होती. या प्रकरणात सगळ्यांचं एकमत झाल्याची ही पहिली आणि शेवटची नोंद.

गुडघा बदलायचा तर भूल द्यावी लागते आणि भूल द्यायची तर छाती तपासावी लागते, म्हणून छातीचा एक्स-रे काढायचं ठरलं. एक्स-रे काढायला तळमजल्यावर कल्लाप्पा होते. बावीस वर्षं ते हेच काम करत होते आणि पूर्वी प्रत्येक बाईला "अक्का, केस वर बांधा" असं न चुकता सांगत. वर्षापूर्वी रुग्णालयात 'निःशंक' नावाची संगणकप्रणाली आली. एक्स-रे पाहून रोग ओळखणं, त्याची पायरी ठरवणं आणि उपचारांचा आराखडा आखणं ही तिन्ही कामं ती अकरा सेकंदांत उरकते. तिच्यासोबत एक परिपत्रकही आलं. रुग्णांना अनावश्यक सूचना देण्यात वेळ दवडू नये, प्रतिमेत काही कमी-जास्त असल्यास निःशंक सांभाळून घेईल, असं त्यात म्हटलं होतं. कल्लाप्पांनी परिपत्रकाखाली सही केली आणि तेव्हापासून ते कुणाच्याही केसांबद्दल बोलले नाहीत.

अहल्याबाईंची वेणी कमरेखाली जात होती आणि मनगटाएवढी जाड होती. डोळे, दात आणि गुडघा यांनी साथ सोडली तरी केसांनी सोडली नव्हती, आणि त्याचा बाईंना भलताच अभिमान होता. यंत्रापुढे उभं राहताना त्यांनी सवयीनं वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतली.

अकरा सेकंदांनी निःशंकला शंका आली.

अहवाल असा होता: डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कर्करोगाची लांबट, पिळदार गाठ. दुसरी पायरी. खात्री चौऱ्याण्णव टक्के. खात्री नव्वदच्या वर असल्याने सीटी स्कॅन वगैरे तपासण्यांची आवश्यकता नाही. उपचार, फुफ्फुसाचा वरचा भाग काढून टाकणे. येता गुरुवार, सकाळी साडेनऊ. गुडघ्याची नोंद 'इतर किरकोळ' या सदरात घेतली होती.

"पण मी गुडघा दाखवायला आले न्हवं?" अहल्याबाई म्हणाल्या.

एक्स-रे विभागाच्या डॉक्टर सुचेता बेहेरे मूळच्या पुण्याच्या. त्यांनी पडदा वळवून मायलेकांना दाखवला. पडद्यावर छाती होती आणि छातीत लाल वर्तुळ होतं. ते पाहून बाईंचा मुलगा योगीराज याला दरदरून घाम फुटला. डॉक्टरांना वाटलं, आईच्या काळजीनं फुटला असेल. तसा तो काळजीनंच फुटला होता, पण त्याला आणखी एक कारण होतं.

योगीराज महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत काम करतो. "माझा योगी डॉक्टरांच्या मशिनीस्नी शिकवतो," असं अहल्याबाई निपाणीत सांगत, आणि ऐकणाऱ्याला ती आईची फुशारकी वाटे. प्रत्यक्षात ते शब्दशः खरं होतं. योगीराज बी.कॉम. होता. रोज तीनशे एक्स-रे त्याच्या पडद्यावर येत आणि त्यातल्या रोगांभोवती त्यानं वर्तुळं काढायची असत. त्या वर्तुळांवरून यंत्र शिकत असे. नोकरीवर रुजू होताना त्याला दीड दिवसाचं प्रशिक्षण आणि 'वैद्यकीय तज्ज्ञ क्र. ७' हे पद मिळालं होतं. गाठ नजरेतून सुटली तर गुण कापले जात, नसलेली गाठ दाखवली तर कापले जात नसत. तीन वर्षांत त्याचे गुण कधीच कापले गेले नव्हते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे लांब केसांच्या बायकांचे एक्स-रे आले होते. छातीवर वेणी आलेली स्वच्छ दिसत होती. निवडायच्या यादीत चौदा पर्याय होते आणि त्यांत वेणी नव्हती. त्यानं मुख्य कार्यालयाला रीतसर विचारलं. नवव्या दिवशी उत्तर आलं: यादीबाहेरचा पर्याय निवडता येणार नाही. खात्री नसल्यास सर्वांत जवळचा पर्याय निवडावा. वेणीला सर्वांत जवळचा पर्याय होता 'लांबट गाठ, वरचा भाग'. योगीराज आज्ञाधारक होता. त्यानं तो निवडला आणि पुढेही निवडत राहिला.

"मॅडम, ही गाठ नाही," तो आता डॉक्टरांना म्हणाला. "ही आईची वेणी आहे."

"ऑफ कोर्स वेणी आहे! मला काय डोळे नाहीत? तिचे तीन पेड मोजता येतायत."

"मग खोडा की."

"खोडते ना. पण खोडताना रीझन सिलेक्ट करावं लागतं." डॉक्टरांनी यादी उघडली. तेच चौदा पर्याय. योगीराजनं त्यांच्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "यात वेणी कुठे आहे, दाखवा मला. शिवाय या महिन्यात मी दोनदा सिस्टिमच्या अगेन्स्ट गेलेय. तिसऱ्यांदा गेलं की माझीच तपासणी लागते. आमचे एक सर तीनदा गेले होते. तिन्ही वेळा बरोबर निघाले. आता ते पार्किंगची पॉलिसी बघतात."

त्यावर उपाय म्हणून एक्स-रे पुन्हा काढायचं ठरलं. कल्लाप्पांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "अक्का, वेणी स्वल्प सरकवा." अहल्याबाईंनी ती डावीकडून उजवीकडे सरकवली. निःशंकनं नव्या चित्राची जुन्याशी तुलना केली आणि गाठ अवघ्या दोन तासांत डाव्या फुफ्फुसातून उजव्यात गेल्याचं जाहीर केलं. इतक्या वेगानं फिरणारी गाठ त्याच्या पाहण्यात नव्हती. त्यानं बाईंना थेट चौथ्या पायरीवर नेलं, शस्त्रक्रिया गुरुवारची मंगळवारी आणली आणि कापायच्या भागात दुसरी बाजूही घातली.

तिसऱ्या वेळी बाईंनी डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला. छाती लख्ख आली. निःशंकनं ती अकरा सेकंद न्याहाळली आणि ही छाती या रुग्णाची नाही असा शेरा मारला. चौथ्या पायरीचा रुग्ण काहीही उपचार न होता अर्ध्या तासात निरोगी होऊ शकत नाही, त्याअर्थी कोणीतरी तोतया बाई यंत्रापुढे उभी करण्यात आली आहे. पाच मिनिटांत सुरक्षारक्षक आला आणि अहल्याबाईंना त्यांचं आधार कार्ड मागू लागला.

"आरं बाबा, माझीच छाती हाय ही," बाई म्हणाल्या. "सदुसष्ट वर्सं वागवतीय."

मायलेक तिथून जयनगरच्या दुसऱ्या रुग्णालयात गेले. तिथंही निःशंकच होता. बाईंचा क्रमांक टाकताच त्यानं त्यांना ओळखलं आणि मंगळवारच्या शस्त्रक्रियेची आठवण करून दिली. दोघं बेळ्ळंदूरला परत आले.

"एक मार्ग आहे," डॉक्टर सुचेता म्हणाल्या. "केस एक्स्पर्ट पॅनलकडे पाठवते. सिस्टिम ज्यांच्याकडून शिकली ना, तेच टॉपचे एक्स्पर्ट. त्यांनी नॉर्मल म्हटलं की विषय संपला."

"कुठं असतात ते?" योगीराजनं विचारलं.

"अब्रॉड असावेत बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी महादेवपुऱ्यात, चौथ्या मजल्यावर, खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर ती केस उघडली. नाव झाकलेलं होतं, पण आपल्या आईची वेणी ओळखायला मुलाला नाव लागत नाही. लहानपणी हीच वेणी मुठीत धरून तो झोपायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं एक्स-रे शेवटपर्यंत नीट पाहिला आणि 'निरोगी' हे बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'तज्ज्ञ क्र. ७, आपले आभार. तथापि अशाच चारशे बारा प्रतिमांमध्ये आपण यापूर्वी गाठ असल्याचे मत दिले आहे. आजचे मत त्याच्याशी विसंगत आहे. आपण थकलेले दिसता. आपले आजचे मत बाजूला ठेवून आपलीच पूर्वीची चारशे बारा मते ग्राह्य धरण्यात येत आहेत. कृपया पाणी प्यावे.'

तो धावत आपल्या टीमप्रमुखाकडे, निधीकडे, गेला आणि हा एक्स-रे आपल्या आईचा असल्याचं त्यानं सांगितलं. निधी मुंबईहून आली होती आणि स्वभावानं खरोखर चांगली होती.

"अरे, तुझे मार्क्स कन्सिस्टंट होते म्हणून तर तुला दोनदा स्टार मिळाला," ती समजुतीनं म्हणाली. "आता अचानक तू उलटं म्हणतोयस, तेही स्वतःच्या आईच्या केसमध्ये. ह्याला बायस म्हणतात, योगी."

"माझी आई आहे म्हणूनच तर मला माहीत आहे, ती वेणी आहे!"

"एक्झॅक्टली. बघणाऱ्याला पेशंट माहीत नसला पाहिजे. पॉलिसीच आहे तशी."

सोमवारी दुपारी डॉक्टर सुचेतांना निःशंकच्या नियमावलीच्या परिशिष्टात एक कलम सापडलं. दोन चित्रांच्या मध्ये रुग्णावर काही प्रक्रिया झाल्याची नोंद असेल, तर निःशंक फरक मान्य करतो. "कसली प्रक्रिया, ते कुठेच लिहिलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "फक्त काहीतरी कापलेलं असलं पाहिजे, आणि कापलेला भाग बरणीत भरून जमा केलेला पाहिजे."

सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली.

"फुफ्फुस कापायचं न्हाई तर हे कापा, असंच न्हवं?" अहल्याबाईंनी विचारलं. मग त्या मुलाकडे वळल्या. "पर योगी, मशिनीला ही गाठ हाय म्हणून शिकवलं कुणी रे?"

"तज्ज्ञांनी," योगीराज भिंतीकडे बघत म्हणाला.

शस्त्रक्रियेआधी रुग्णांची दाढी-डोकी करणारा मंजुनाथ वर आला. त्यानं आधी बाईंच्या पाया पडून घेतलं. कात्री तीनदा अडली इतके केस दाट होते. अहल्याबाई सुरुवातीला ताठ बसल्या होत्या, पण शेवटचा पेड सुटला तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि ढसाढसा रडल्या. वेणी घरी न्यावी म्हणून त्यांनी हात पुढे केला, तर ती आता नमुना क्रमांक २२०६ झाली होती. बरणीवर चिकटपट्टी लागली. सूटबूटवाल्या कारकुनानं नोंद केली: काढलेला भाग, तीस इंच.

पुढचा एक्स-रे लख्ख आला आणि निःशंकनं उपचार यशस्वी झाल्याचं घोषित केलं. चौथ्या पायरीवरून पूर्ण बरा झालेला हा त्याचा पहिलाच रुग्ण होता, आणि निःशंक अनुभवातून शिकणारा होता. महिन्याभरात फुफ्फुसातल्या गाठीवर त्याच्या आराखड्यात पहिला उपचार म्हणून केस कापणं येऊ लागलं. रुग्णालयानं तिसऱ्या मजल्यावर सहा खुर्च्या आणि सहा आरसे बसवले. मंजुनाथला पांढरा कोट मिळाला. दारात अहल्याबाईंचं मोठं छायाचित्र लागलं आणि त्याखाली 'मी जिंकले' असं लिहिलं होतं. गुडघाही बदलून झाला, तो मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही.

टाके दाखवायला मायलेक गेले, त्या दिवशी बाकावर शेजारी शिवाप्पा नावाचे एक रिक्षावाले बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली की सगळा बाक हलत होता. शिवाप्पांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. "निघालो आता," त्यांनी हसत अहवाल पुढे केला. "माझा इलाज आधीच झालाय म्हणे. सरी, बरं म्हटलं." योगीराजनं सोबतचा एक्स-रे उजेडाकडे धरला. तीन वर्षं रोज तीनशे पाहून एवढं तर त्याला कळत होतं. ती वेणी नव्हती.

शिवाप्पांना त्यानं हाताला धरून परत बसवलं. डॉक्टर सुचेतांना फोन लावला, पण त्यांनी तिसऱ्यांदा निःशंकच्या विरोधात मत दिल्यानं त्या आता उपाहारगृहाची व्यवस्था पाहत होत्या. मग त्यानं मोबाइलवर रुग्णालयाचा तक्रार अर्ज उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं खरं खरं लिहिलं. वेणी, चौदा पर्याय, चारशे बारा वर्तुळं, सगळं. शेवटी अर्जानं त्याला तो यंत्र नसून माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. रस्त्याच्या छायाचित्राचे नऊ चौकोन आले. ज्यात सिग्नल आहे ते निवडायचे होते.

तो भराभर दाबत गेला. अहल्याबाई चष्मा सावरून शेजारून बघत होत्या.

"ह्यात दिवा न्हाई, नुसता खांब हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो धरायचा का सोडायचा?"

"काय की. जवळचं वाटेल ते दाबायचं, आई. कोण बघतंय?" योगीराज म्हणाला आणि त्यानं तो चौकोन दाबला.

अहल्याबाईंचा हात सवयीनं डाव्या खांद्यावर गेला. तिथं काही नव्हतं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"माझ्या येळंला पण असंच दाबलं हुतंस व्हय रे?"

पडद्यावर हिरव्या अक्षरांत उत्तर आलं होतं: 'धन्यवाद. आपण माणूस असल्याचे सिद्ध झाले आहे.'

वाचकहो, तो नुसत्या खांबाचा चौकोन तुमच्याही पुढे येऊन गेलेला आहे. तुम्ही काय दाबलं होतं?