डोमाजींची पाच मिनिटं

डोमाजींनी आजवर आपल्या मुलीची, खुशीची, दोन स्थळं मोडली होती, आणि दोन्ही वेळा मनात काही वाईट नसताना. पहिल्या पाहुण्यांना त्यांनी, घराचा जिना पाडून दुसरीकडे बांधा, असा सल्ला दिला. घर त्यांनी पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या खेपेला मुलाच्या मामांना टक्कल होतं. डोमाजी स्वयंपाकघरातून अर्धा कांदा घेऊन आले आणि "असा घासाचा, मामासाहेब, असा," म्हणत त्यांनी तो स्वतःच्या हातानं मामांच्या डोक्यावर घासला. पाहुण्यांनी पोहे अर्धेच टाकून जोडे घातले.

आता नेरचं स्थळ आलं होतं. अंकुर नावाचा मुलगा, आणि खुशी त्याच्याशी महिनाभर फोनवर बोलत होती. तिनं वहिनीचा हातच धरला. "वहिनी, हा पोरगा मले पसंत हाय. बाबाले कसंबी आवर. नाहीतर मी जन्मभर इथंच राहीन आन् सल्ले ऐकीन."

वहिनी म्हणजे ममता. पांढरकवडा भागातल्या शाळाशाळांत जाऊन ती विशेष मुलांना शिकवायची. नुकतंच यवतमाळला तिचं प्रशिक्षण झालं होतं. एखादं वागणं कमी करायचं असेल, तर त्या वागण्यानंतर काय घडतं ते बदला, असं तिथं पूनमसिंग सरांनी शिकवलं होतं. ममताला वाटलं, सात वर्षांच्या मुलाला जे लागू पडतं, ते सत्तर वर्षांच्या सासऱ्याला का लागू पडू नये? पाहुणे यायला पंधरा दिवस होते.

तिनं जेवताना नियम सांगितला. "बाबा, कोणी विचारलं नसताना सल्ला द्यायचा नाही. दिला की मागच्या अंगणात त्या लाल खुर्चीवर पाच मिनिटं एकटं बसायचं. तितका वेळ तुमच्याशी कोणी बोलणार नाही."

"चांगला हाय नियम," डोमाजी म्हणाले. "पण पाच मिनिटं कमी होतात. मी म्हणतो, सात..."

"बाबा, खुर्ची."

डोमाजी निमूटपणे उठले आणि वरणभात तसाच ठेवून खुर्चीवर जाऊन बसले. ममताला स्वतःचं कौतुक वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं वहीत सल्ल्यांच्या रेघा ओढल्या. एकतीस झाल्या. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी पान पुरेना. शिवाय सल्ल्यांचा दर्जाही उतरला होता. "सूनबाई, झाडू डाव्या हातात धर," एवढंच म्हणून डोमाजी ती काही बोलायच्या आत स्वतःच खुर्चीकडे पळत होते.

चौथ्या दिवशी ममता हळूच मागच्या दारातून डोकावली. अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, गल्लीत, रांग लागली होती. पुढं एक बाई पोट फुगलेली बकरी घेऊन उभी होती. तिच्यामागं घसा बसलेला एक भजनी, त्यामागं कपाशीची दोन पानं हातात धरलेला एक शेतकरी. आणि शेवटी शेजारचा देवसिंग. त्याला काहीच विचारायचं नव्हतं, रांग दिसली म्हणून तो उभा होता.

"बकरीले ओवा दे," डोमाजी खुर्चीवरून सांगत होते. "आन् बसू देऊ नोको तिले. चालव."

पाच मिनिटं झाल्याचा गजर वाजला. डोमाजी उठले तसा भजनी बसलेल्या घशानं कळवळला, "डोमाजीभाऊ, माहा नंबर राह्यला न!"

"थांब बाप्पा, आत्ता आलो." डोमाजी घरात शिरले, ममताला समोरच बघून म्हणाले, "सूनबाई, दारात उभं राहू नये, पाय दुखतात," आणि वळून पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

ममतानं घाबरून पूनमसिंग सरांना फोन लावला. सगळं ऐकून सर म्हणाले, "ताई, शिक्षेनं वागणं वाढत असेल तर ती शिक्षा नाहीच, बक्षीस आहे. त्यांना ऐकणारी माणसं हवीत, आणि तुम्ही ती मिळवून दिलीत. खुर्ची बंद करा. आता गप्प राहण्याला बक्षीस द्या."

डोमाजींना जगात सगळ्यात जास्त आवडायची शेंगदाण्याची चिक्की. ममतानं ठरवलं, दहा मिनिटं शांतता, एक तुकडा. खुर्ची माळ्यावर गेली, गल्लीतली रांग शिव्या देत पांगली, आणि खरंच, डोमाजी गप्प राहू लागले. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास. ते ओठ मिटून घड्याळाकडे बघत बसायचे. सासूबाई, म्हणजे तुळसाबाई, बावरल्या. "अवं ममता, ह्यायले बरं नाही का? सकाळपासून मले भाजी कशी चिराची ते सांगतलं नाही."

पाहुणे यायच्या दिवशी दुकानातली चिक्की संपली होती. ममतानं घाईघाईत घरीच केली. गुळाचा पाक जरा कच्चा राहिला, पण आता बघायला वेळ नव्हता. दारात गाडी थांबली तसा तिनं तळहाताएवढा तुकडा डोमाजींना दिला. त्यांनी तो पूर्णच तोंडात घातला.

मुलाचे वडील किसनराव निवृत्त तलाठी. ते आले, बसले आणि बोलू लागले. पाणी आलं, पोहे आले, चहा आला, किसनराव बोलतच होते. डोमाजी नुसती मान हलवत होते, मध्येच "हं" म्हणत होते. ममता पडद्याआडून बघत होती आणि तिचा ऊर अभिमानानं भरून येत होता. विज्ञान ते विज्ञान.

"मी म्हणतो," किसनराव म्हणाले, "पाण्याच्या टाकीचं तोंड नेहमी पूर्वेले पायजे. गच्चीवर कडुनिंब लावाचा. आन् कापूस घरात भरताना वरून थोडं पाणी शिंपडाचं. बरोबर हाय का नाही?"

डोमाजींची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वळली. मानेच्या शिरा फुगल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

किसनराव एकदम थांबले. "पाह्यलं का अंकुर? पोरगी जाणार म्हणून बापाचा जीव कसा तुटते ते! बोलत नाही, काही नाही. समुद्र हाय हा माणूस." आणि त्यांनी उठून डोमाजींना मिठी मारली. "सोयरीक पक्की!"

गाडी वळली तसे डोमाजी स्वयंपाकघराकडे धावले आणि तोंडाकडे बोट दाखवून नाचू लागले. तुळसाबाईंनी कोमट पाण्याचा तांब्या आणला. बरीच ओढाताण झाल्यावर कवळी बाहेर आली. वरची आणि खालची एकमेकींना घट्ट चिकटलेली, मध्ये चिक्की जशीच्या तशी.

"पूर्वेले!" बोळक्या तोंडानं डोमाजी ओरडले. "टाकीचं तोंड पूर्वेले म्हणे! आन् कापसावर पाणी! दोन घंटे मी हे ऐकलं!" त्या संध्याकाळी ते साडेतीन तास बोलले. ममतानं वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी किसनरावांचा ममताच्या फोनवर फोन आला. "व्याह्यायले द्या जरा. मन मोकळं कराचं हाय." ती काही सुचून नाही म्हणायच्या आत डोमाजींनी फोन ओढून घेतला आणि कडुनिंबापासून सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी त्यांनी तो परत दिला. "बंद पडला वाटते. पलीकडून काही आवाजच येऊन नाही राह्यला."

खुशी भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"ताई," किसनरावांचा आवाज खाली गेला होता, "आत्ता जो बोलला तो कोण होता?"

ममतानं खुशीकडे पाहिलं. मग डोमाजींकडे. ते तुळसाबाईंना तांब्या कसा घासावा ते सांगत होते.

"ते न... बाबांचे मोठे भाऊ. केळापूरचे."

"तरीच!" किसनरावांनी सुस्कारा सोडला. "कुठं आमचा व्याही आन् कुठं हा माणूस! वाईट वाटून घेऊ नोका, पण एक सांगतो. साखरपुड्याले त्यायले बोलावू नोका."

"नाही बोलवत," ममता म्हणाली.