कमरेवरचा पतंग

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी लेट्यूसचं पान तोंडात घातलं, की टिपणीसकाका आपला पोळीभाजीचा डबा उचलून त्याच्या शेजारी येऊन बसतात आणि शांतपणे विचारतात, "हे कुठल्या देवाला वाहायचे, माहितीये?"

तो देव म्हणजे इजिप्तचा मिन. पीकपाण्याचा आणि प्रजननाचा. तो भिंतीवर कोणत्या अवस्थेत कोरलेला असतो, हे काका भर जेवणात, आवाज न चढवता आणि सुदैवाने हातवारे न करता समजावून सांगतात. लेट्यूस मोडला की पांढरा चीक निघतो, म्हणून ते त्याचं लाडकं पान. आमच्या टीममधला ब्रेंडन पहिल्या दिवशी हे ऐकून काटा खाली ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट सॅलड घेतलं. "युवर मॅन इज गॅस," तो मला म्हणाला. इथल्या आयरिश बोलीत युवर मॅन म्हणजे हा बुवा, आणि गॅस म्हणजे भलताच गमतीदार.

काका सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. चेरीवूडच्या ऑफिसात माझ्या समोरच्या डेस्कवर बसतात. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली, पण इजिप्तच्या लोकांची एकही चूक त्यांना सापडलेली नाही. मिनच्या त्या अवस्थेवर कुणी नाक मुरडलं, तर म्हणतात, "नोंद घ्या. बग नाही, फीचर आहे."

"ते लोक लाजत नव्हते, आणि ओरडतही नव्हते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठ्या माणसांच्या थडग्यात शृंगार सगळा खुणेचा: कमळाचं फूल, बदक, बाईच्या डोक्यावरचा भरगच्च केसांचा टोप. पण कारागीर मात्र खापराच्या तुकड्यांवर अगदी उघडउघड चित्रं काढायचे. प्रेमकवितांत प्रियकर-प्रेयसी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचे, हे त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या राखीपौर्णिमेला सांगितलं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही.

एवढं सगळं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र बायकोच्या चार पावलं पुढे चालतो. शैलाकाकू मागच्या वर्षीच इथे आल्या. त्याआधी बारा वर्षं त्या पुण्यात काकांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करत होत्या, आणि काका इकडे क्लोनडॉकिनला एका खोलीत. आता दोघं बाजाराला निघाले की काका पुढे, काकू मागे. पिशव्या सगळ्या काकांच्या हातात, हे कबूल करायला हवं. पण त्यांनी काकूंना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "ऐकलंस का?" एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा.

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात काकांनी व्याख्यान देऊ केलं. विषय, प्राचीन इजिप्तमधला शृंगार. समितीत लगेच दोन तट पडले. "हळदीकुंकवाला हे?" असं एक जण, "सारखे उखाणे ऐकून कंटाळा आलाय," असं दुसरी. शेवटी ठरलं, व्याख्यान होऊ दे, पण मुलं असणार, तेव्हा चित्रांत जे नको ते झाकायचं. मंडळाची चिटणीस मी. त्यामुळे झाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काकांनी चाळीस चित्रं पाठवली. एकीकडे माझी तिळाची वडी कढईला चिकटत होती. संक्रांत म्हणून पतंगाचं एक छानसं चित्र हाताशी होतं. जिथे शंका येईल तिथे मी पतंग चिकटवत सुटले, आणि शंका मला भराभर येत गेल्या. नीट काही बघितलं नाही, हे आता सांगायला माझं काय जातंय?

क्लोनडॉकिनच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. काळ्या साडीवर स्वेटर घालून काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावर मिन आला. कमरेखाली लाल पतंग. हॉल खदखदून हसला. काकांनी पडद्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "उड्डाणाची दिशा बरोबर आहे." त्यानंतर पतंगामागून पतंग आले. इथल्या मुलांसारखं आईला मॅम म्हणणारा माझा सात वर्षांचा मुलगा मागून ओरडला, "मॅम, व्हाय हॅव दे ऑल गॉट काइट्स?" मी तिळगुळाचा डबा उघडून त्यात डोकं घातलं.

शेवटचं चित्र आलं. दगडात कोरलेलं एक जोडपं, नवरा-बायको, खेटून उभं. नवऱ्याचा डावा पाय पुढे. दोघांची नजर समोर. आणि नवऱ्याच्या कमरेवर हिरवा पतंग.

काका थांबले. "हे कुणी झाकलं?"

"मी, काका," मी म्हटलं. "त्याच्या कमरेला बाईचा हात होता ना, म्हणून..."

सगळे पुन्हा हसले. काका हसले नाहीत. "मुग्धा, अगं, त्या एका हातासाठी बाकीची एकोणचाळीस चित्रं होती," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लॅपटॉपकडे धावले, पण मूळ चित्रं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर राहिली होती. पतंग काही निघेना.

"राहू दे," काका म्हणाले. मग लोकांकडे वळून, कँटीनमध्ये बोलतात तशाच सुरात बोलू लागले. "रविवारी मला खोली खायला उठायची. गावातलं म्युझियम फुकट, आत हीटर. इजिप्तच्या दालनात जाऊन बसायचो. तिथल्या एका पुस्तकात हे दोघं भेटले. हजारो वर्षं तिचा हात त्याच्या कमरेला आहे. तो कुठेही बघत असू दे, हात आहे. आमच्या लग्नानंतर सिंहगडावर हिने एकदा असाच हात ठेवला होता. मी झटकला. म्हटलं, लोक बघताहेत. पुन्हा तिने कधी ठेवला नाही."

काकू मांडीवरच्या हळदीकुंकवाच्या तबकाकडे बघत होत्या.

"शैला," काका म्हणाले, "इकडे ये."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "अहो, लोक बघताहेत," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बघू देत. पतंगाखाली काय आहे, ते त्यांना दाखवायचंय."

काकूंनी तबक शेजारणीकडे दिलं आणि त्या स्टेजवर गेल्या. काकांनी डावा पाय पुढे टाकला, छाती काढली, नजर समोर. काकूंचा हात त्यांच्या पाठीमागून आला आणि पलीकडच्या बाजूला कमरेवर विसावला. हिरव्या बांगड्या, चार बोटं. त्या बोटांवर काकांनी आपला हात ठेवला. मूर्तीत तसं नसतं. ही चूक काकांना कुणी दाखवली नाही. मी तर डोळे पुसत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी पार्किंगमध्ये खुर्च्या गाडीत चढवत होते. काका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघाले आणि सवयीने चार पावलं पुढे गेले. मग एकदम थांबले. मागे वळून बघायचं त्यांना अजून जमत नाही. दोन्ही पिशव्या त्यांनी एका हातात घेतल्या, आणि डावा पाय पुढे टाकून, समोर बघत, काकू येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.