पुलीच्या बोल्टावरील स्वारी

वडीलधाऱ्या मातोश्रींचे सेवेसी आज्ञाधारक लेखकाची विनंती ऐसी जे: आपण आज्ञा केली की, चिरंजीव पोस्टमास्तरांनी जुन्या गाडीच्या पुलीच्या बोल्टावर स्वारी केली ते समयी काय काय जाहले, याची हकीकत साद्यंत लिहोन ठेवावी, आणि क्लचाचा मजकूर तेवढा गाळावा. त्यास, हकीकत लिहिली आहे. क्लचाचा मजकूर गाळता ती उभीच राहीना, सबब तो राहिला आहे. रागे भरू नये.

पोस्टमास्तरांचे पदरी वीस वर्षांची एक गाडी होती, आणि तिच्या इंजिनातील टायमिंगचा पट्टा जीर्ण जाहला होता, आणि तो बदलावा तर आधी पुली उतरवणे प्राप्त, आणि पुली उतरवावी तर तिच्या मध्यभागी एक गंजका बोल्ट ठाण मांडून बसलेला. गॅरेजवाल्या उस्तादांनी फोनवरून इशारा दिला की, "साहेब, ते एकट्याचं काम नाही." पोस्टमास्तरांनी तो हसण्यावारी नेला.

इकडे घरच्या बाईसाहेब शिवणकामात नामांकित. रविवारी सकाळी नऊ वाजता शेजारच्या गावी शाळेत मुलांचे नाटक, आणि त्याकरिता त्यांनी महिनाभर खपून बेचाळीस पोशाख सिद्ध केले होते: सोळा झाडे, सोळा शिपाई, नऊ ससे आणि एक चंद्र. हा सारा लवाजमा त्याच गाडीतून कूच करणार, म्हणोन मंगळवारी सकाळीच त्यांनी बजावले की, हा आठवडा गाडीला हात लावू नये. पोस्टमास्तर वदले, "दोन तासांचं काम आहे," आणि गाडी खोलली. सायंकाळपर्यंत बोल्ट तसूभर हलला नाही, आणि बाईसाहेबांनी अबोला जाहीर केला.

मग उभयपक्षांची वकिली मातोश्रींकडे आली. त्यांना सांगा जेवण वाढलंय, तिला सांग भूक नाही, ऐसे खलिते चार दिवस स्वयंपाकघर ते अंगण फिरत राहिले. गावभरची पत्रे पोचती करणाऱ्या पुरुषास स्वतःच्या घरात निरोप धाडण्यास वकील लागावा, हे पोस्टमास्तरांचे मनास फार लागले. परंतु चूक कबूल करण्यास जीभ वळेना.

शनिवारी दुपारी निकराचा हल्ला जाहला. पान्यास चार फुटी नळाचा पाइप जोडोन पोस्टमास्तरांनी सर्व भार घातला, तो बोल्ट न सुटता इंजिनच त्याच्यासंगे फिरले. मग इंजिन जखडावे म्हणोन गाडी पाचव्या गियरात घातली, आणि ब्रेकवर वीट ठेवली, आणि वीट घसरली, आणि पोस्टमास्तरांची बोटे सोलवटली. तेव्हा कुमक म्हणोन मातोश्रींस गाडीत बसविले व फर्मान सोडले की, पायाखाली आहे ते जोरात दाबावे, सोडू नये. मातोश्रींनी दोन्ही पायांनी शर्थ केली. पाइप पाव फेरा खाली आला, आणि पोस्टमास्तरांनी "सुटला!" ऐसी आरोळी ठोकली की शेजारी खिडकीत आले. पाहतात तो बोल्ट आणि पुली हातात हात घालून फिरलेले. ऐसी फत्ते तीन वेळा जाहीर जाहली.

बाईसाहेब आत चंद्रास अस्तर लावीत होत्या. तिसऱ्या आरोळीस त्यांनी सुई ठेवली, अंगणात येऊन गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "सासूबाई, उतरा तुम्ही. तो क्लच आहे."

क्लच दाबला म्हणजे इंजिन चाकांपासून मोकळे, मग ब्रेकाचा धाक त्यास राहील कैसा! परंतु हे बोलणे सासूबाईंशी जाहले, सबब अबोला कलमाबरहुकूम कायम राहिला.

बाईसाहेब स्वतः बसल्या. वीस वर्षे पायमशीन चालविलेला तो पाय. ब्रेकवर पडला तो हललाच नाही. पोस्टमास्तरांनी पाइप ओढला, आणि कडाड आवाज जाहला, आणि बोल्ट सुटला, आणि पोस्टमास्तर बूड टेकून जमिनीवर बसले. त्यांनी वर पाहिले, तो बाईसाहेब काचेतून समोर पाहत होत्या.

मग पट्टा बदलला. ते काम मात्र खरोखर दोन तासांचे निघाले.

उरले आवळणे. गाडीच्या पुस्तकाचा हुकूम ऐसा की, आधी जोर मोजणाऱ्या पान्याने, तो कट्ट वाजेतो, आवळावे आणि वर नेमका पाव फेरा द्यावा. कमी पडल्यास पुली भर रस्त्यात दगा देईल, आणि सोळा झाडे तेथेच उभी राहतील. मोजणीचा पाना कट्ट म्हणाला, आणि पाव फेरा नजरेने देऊ म्हणोन पोस्टमास्तर सरसावले, तो बाईसाहेबांनी कापडावर खुणा करायचा खडू काढला, बोल्टावर एक रेघ ओढली, पुलीवर पाव फेरा पुढे दुसरी ओढली, आणि ब्रेकवर जाऊन बसल्या. पोस्टमास्तरांनी प्राण पणास लावून ओढले आणि हात झटकले. बाईसाहेब उतरल्या, वाकल्या, आणि एक डोळा मिटून रेघा पाहिल्या.

"अजून एक सूत."

मातोश्री त्या समयी चहाकरिता आत गेल्या होत्या. वकील हजर नव्हता. बोलणे थेट जाहले होते.

पोस्टमास्तर पाइप धरून उभेच राहिले. म्हणाले, "चुकलं माझं. या आठवड्यात हात लावायलाच नको होता."

"ते नंतर. आधी ओढा," बाईसाहेब म्हणाल्या, आणि पुन्हा ब्रेकवर जाऊन बसल्या.

त्यांनी ओढले. रेघेस रेघ मिळाली.

येणेप्रमाणे शनिवारी, दिवस मावळण्यापूर्वी, बोल्ट काबीज होऊन ठिकाणी बसला. रविवारी साडेसातास स्वारी निघाली, आणि मातोश्री मागे चंद्र मांडीवर घेऊन, पाय आखडून बसल्या, आणि पावणेनवास बेचाळीसही पोशाख शाळेत दाखल जाहले. पोस्टमास्तर हल्ली महिन्याकाठी इंजिन पुसतात. खडूच्या रेघा तेवढ्या सोडून पुसतात. हकीकत खरी असे.